वल्हं टेकवायचं नाही

माझी भाची रसिका पाइपाला कान लावून पगार घेते, असं तारकर्लीत कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. खानावळीत जेवायला येणाऱ्या एकेकाला समजावून मी दमले. आता म्हणते, हसतील त्यांचे दात दिसतील.

तिचं काम असं. भर समुद्रात तेलाची विहीर खणतात, तेव्हा तळापर्यंत लोखंडी पाइप गेलेला असतो. त्याच्या खालच्या टोकाला रसिकाचं यंत्र. तिथला दाब, तिथली उष्णता ते पाइपाच्या लोखंडातून आवाजाने वर कळवतं, आणि वर ती तो आवाज पकडून आकडे वाचते. बाकीची यंत्रं निरोप धाडतात ते पाइपातून फिरणाऱ्या पातळ चिखलामार्फत. चिखल थांबला की ती मुकी.

पोरगी बापावर गेलीय. माझा भाऊ बाबली घोळ मासा शोधायचा तो कानाने. होडीचं मशीन बंद करून वल्हं पाण्यात सोडायचं आणि दांडा कानाला लावायचा. खाली घोळ असली तर कुरकुरते. रसिका लहानपणी हट्टाने होडीत बसायची, हात भरून आले की वल्हं काठावर टेकवायची. मग बाबली ओरडायचा, "टेकवू नको गो. होडीच ऐकतलंस तू, मासो नाय."

गेल्या मार्चात एका रिगवर, म्हणजे समुद्रात विहीर खणायच्या फलाटावर, तिच्या यंत्राची चाचणी होती. विहिरीतला चिखल खालच्या भेगांत गडप व्हायला लागला, म्हणून पंप थांबवले. आता खालचा दाब कळल्याशिवाय काही करणं धोक्याचं, आणि बाकी सगळी यंत्रं मुकी. रसिकाच्या पडद्यावर नुसती खरखर. रिगचे साहेब हरिश्चंद्र स्पष्ट बोलणारे. म्हणाले, "ऐकू येत नसेल तर पाइप वर काढतो. मग तुमचं यंत्र पुन्हा इथे उतरणार नाही." कॉलेज सुटल्यापासून पोरीने त्या यंत्रावर जीव टाकलेला.

तिने क्रेन थांबवून घेतली, हातोडे थांबवून घेतले. खरखर तीच. मग तिचं लक्ष पाइपाकडे गेलं. पंप बंद करताना तो पकडीत घट्ट धरून रिगच्या फरशीवर टेकवून ठेवला होता.

"साहेब, पाइप पकडीतून सोडवा आणि वरून टांगून धरा. तो टेकलाय, म्हणून मला रिगच ऐकू येतेय."

"खात्री आहे?"

"आहे."

हे सगळं तिने नंतर सुट्टीत आल्यावर सांगितलं. पाइप उचलला, फरशीपासून सुटला आणि खरखर बसली. मागोमाग खालचे आकडे आले, स्वच्छ. चिखल जड झाला होता. तो हलका केला, गळती थांबली, विहीर वाचली. साहेबांनी यंत्र तिथेच ठेवून घेतलं.

चाचणीच्या दिवशीच तिचा फोन आला तो मला, कारण मशीनच्या आवाजाने बाबलीचे कान आता गेलेत. तो अंगणात जाळं शिवत बसला होता. मी त्याच्या कानाशी ओरडले, "तुजा चेडू म्हणता, वल्हा टेकवूक नाय म्हणान ऐकाक इला."

त्याने हातातली सुई थांबवली. रिग, विहीर, तेल, काही विचारलं नाही.

"मगे, घोळ गावली?"

फोन चालूच होता. पलीकडे रसिका आधी हसली, मग रडायला लागली. मी नुसती मान हलवून त्याला सांगितलं, गावली.