घाटासाठी राखून ठेवलेली बॅटरी

मोटर लावलेली सायकल घ्यायचं घरात ठरलं, तेव्हा आमच्या ह्यांनी जेवढा अभ्यास केला तेवढा मला बघायला आले तेव्हाही केला नव्हता. छातीत स्टेंट बसल्यापासून यांची सायकल बंद होती. त्याआधी दर रविवारी आम्ही दोघं सोलापूरहून तुळजापूरचा घाट चढून यायचो. आता मी एकटी निघायचे आणि हे दारात उभे राहून माझ्या टायरमधली हवा दाबून बघायचे. जिना चढतानाही यांचं वाक्य मध्येच तुटायचं. सायकल चालवा, पण दम लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला माझा जोडीदार रस्त्यावर परत हवा होता. त्यासाठी मोटर तर मोटर.

पण कुठली? मोठी मोटर बॅटरी भराभर खाते. म्हणून मोठी बॅटरी घ्यावी, तर सायकल जड होते. जड सायकल चढावर ओढायला परत मोठी मोटर. रोज जेवताना हा हिशेब गोल गोल फिरायचा आणि आमटी गार व्हायची.

"हलकीच पायजे. म्हशीवर बसून घाट चढायचा न्हाय मला," हे म्हणायचे. हे मूळचे माळशिरसकडचे. सोलापुरात इतकी वर्षं काढली, पण बोली सोडली नाही.

शेवटी लहान मोटर, लहान बॅटरी, बारीक टायर अशी सायकल आली. नवी पेठेत एका ओळखीच्या दुकानदाराच्या काट्याला ती टांगून झाली. बघायला गर्दी जमली. पोटाचं वजनही त्यातच धरा, असं मी तिथंच सुचवलं. हे ऐकू न आल्यासारखं करून काटा वाचत राहिले.

काही दिवस गावातल्या गावात चालवून झाल्यावर एका रविवारी आम्ही घाटाला निघालो. बराच वेळ झाला तरी मोटरचा आवाज येईना.

"अहो, मोटर लावली का?"

"सपाटीला कशाला घालवायची? घाटाला लागंल की."

नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात यांनी संसार केलाय. पिंप काठोकाठ भरलेलं असलं तरी हे तांबे मोजून आंघोळ करतात. बॅटरीचंही तेच चाललं होतं. तामलवाडीला चहाला थांबलो तेव्हा बॅटरीचे सगळे दिवे हिरवे होते आणि हे ते मला कौतुकानं दाखवत होते. शर्ट मात्र पाठीला चिकटला होता.

घाट लागला. पहिलं वळण गेलं, तरी मोटर बंदच.

"आता तरी लावा!"

"आजून वर... लई खडा हाय... तितं..."

पुढचं आलंच नाही. माझी चेष्टा जागच्या जागी विरली. मी माझी सायकल यांच्यापुढं आडवी घातली.

"कुणासाठी राखताय ती? मला भरलेली बॅटरी घरी न्यायची नाही, तुम्हाला न्यायचंय."

हे सायकलवरून उतरले. कठड्याला टेकून बसले. श्वास पुरता खाली बसेपर्यंत मी यांना उठू दिलं नाही. मग बटण मीच दाबलं, अगदी वरच्या जोरापर्यंत, आणि परत हात लावाल तर बघा, असा दम दिला.

मोटर हलकेच घुमली आणि हे निघाले. बघता बघता वळणाआड गेले. मी मागं राहिले, सगळ्यात हलक्या गिअरवर. वर पोचले तर हे आरामात कठड्यावर बसलेले.

"अगं, निम्मी बॅटरी तशीच उरलीया बघ, म्हंजे एवढं वजन आपण उगंच वर आणलं, याच्यापेक्षा बारकी घेतली असती तरी चाललं असतं की!"

एवढं लांब वाक्य, आणि हे मध्ये कुठंही थांबले नाहीत. धाप मला लागली होती. डोळे भरून आले होते, ते घामावर खपून गेले. मी एवढंच म्हणाले,

"परत म्हणा."