आयविनचं नाक

आमच्या गावात एका पिढीची सगळी डोकी सारखी दिसायची, कारण आयविन न्हावी. खुर्चीत बसून तुम्ही काहीही मागा, तो "हो, हो" म्हणायचा आणि कानांवरून सरळ भादरून मोकळा व्हायचा. माझ्या लग्नाच्या फोटोत मी, माझा भाऊ आणि पाद्री एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतो. बायको अजून विचारते, आपण नक्की कुणाशी लग्न केलं.

दुकान बंद केलं तरी हाताची खाज जाईना, तेव्हा तो झुडपांकडे वळला. जानेवारी लागला, की गोठलेल्या चिखलात बूट वाजवत हा न बोलावता दारात हजर. ब्लॅककरंटची, म्हणजे काळ्या आंबट फळांच्या झुडपाची, छाटणी त्याला खरंच जमायची. जुनी काळपट फांदी बुडापासून उडवायची, कोवळी ठेवायची. फळ धरतं ते गेल्या वर्षीच्या फांदीवर. एवढ्या एका विद्येवर तो आमच्या अख्ख्या फ्यून बेटाचा छाटणीसम्राट असल्यासारखा फिरायचा.

गोम नाकात होती. जन्मभर गिऱ्हाइकांच्या मानांवर कोलोन शिंपडून ते केव्हाच वारलं होतं. एकदा दुकानात शेगडीवर टॉवेल जळत होता आणि हा खुर्चीतल्या माणसाला विचारतोय, "कॉफी ठेवू का?" सगळ्या गावाला ठाऊक होतं. तो मात्र कबूल करत नव्हता.

आता गेर्डा. आम्ही तिघं गावच्या शाळेत एका वर्गातले. नवरा गेल्यावर ती एकटीच राहायची. तिच्या रेडकरंटच्या, म्हणजे त्याच जातीच्या तांबड्या फळाच्या, जेलीशिवाय आमच्या गल्लीत नाताळचं बदक कुणाच्या घशाखाली उतरत नसे. आयविनही विधुर. नाताळची रात्र तो आमच्याकडे काढायचा, माझ्या बायकोच्या बदकाला नावं ठेवत. त्याला हवी होती गेर्डाच्या टेबलाची खुर्ची, आणि तीही कायमची.

म्हणून गेर्डाने छाटणीला बोलावलं, तेव्हा हा गुळगुळीत दाढी करून, नवा मफलर गुंडाळून गेला. पुढचं गेर्डाने मला इतक्यांदा सांगितलंय, की मी तिथेच उभा होतो असं वाटतं. हिवाळ्यात पानं नसतात. काळं झुडूप कोणतं आणि तांबडं कोणतं, ते साल खरवडून हुंगलं की कळतं. काळ्याला बोक्याने फवारा मारून हक्क सांगितल्यासारखा वास येतो, तांबड्याला काहीच नाही.

"खुराड्याकडची तांबडी आहेत बरं का," गेर्डा म्हणाली.

आयविनने साल खरवडली, डोळे मिटून हुंगली. "काळी."

तिनेही हुंगली. "मला तर कसलाच वास येत नाही."

"सर्दी झाली असेल तुला. चाळीस गावांत असलं नाक नाही, गेर्डा."

"अरे, पण सगळंच तोडतोयस."

"जुन्या लाकडाला फळ नाही. तिथे दयामाया करायची नाही."

जुलैत काळी झुडपं लगडली. खुराड्याकडे मात्र नुसत्या कोवळ्या काठ्या, वर पानांचा झुपका. पाखरंसुद्धा बघून परत जायची. आणि त्याच आठवड्यात आयविन केकचा खोका घेऊन मागणी घालायला गेला.

गेर्डाने शांतपणे ऐकून घेतलं. "जुन्या लाकडाला फळ नाही, तूच म्हणालास ना? वय काय रे तुझं?"

खोका ठेवून घेतला आणि दार लावलं.

मी आमच्या पायरीवर वाटाणे सोलत होतो. आयविन येऊन शेजारी बसला. एक शेंग उचलून म्हणाला, "तांबड्याला फळ कुठे धरतं रे?"

"जुन्या लाकडावर," मी म्हणालो.

तो उठला आणि आला तसा परत निघाला. मीही वाटाण्यांचं भांडं घेऊन मागोमाग गेलो. असलं काही चुकवायचं नसतं. तो तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभा राहिला, टोपी काढली.

"गेर्डा, मी तांबडा आहे."

आतून नुसता बशीवर काटा वाजत होता. केक संपत आला असावा.

"मग तुला ठाऊक असेलच," ती म्हणाली, "तांबडं बुडापासून तोडलं, की पुन्हा धड फळायला तीन वर्षं जातात. तेव्हा ये. आणि कात्री घरी ठेवून ये."

त्या नाताळला तो पुन्हा आमच्याकडेच. जेलीविना बदक चघळत म्हणाला, "जरा कोरडं झालंय."

बायकोने त्याच्यापुढे जेलीची एक बरणी आपटली. "ही लाव त्याला. काळी आहे की तांबडी, ते तूच हुंगून सांग."