पायाळूचा पाय

सपाट फरशीवर, अडखळण्यासारखं काहीही नसताना, माझा पाय मुरगळला. भाचीचं लग्न परवावर आलं होतं आणि तिला मंडपात आणणारा एकुलता एक मामा मी!

डॉक्टर म्हणाले, "बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा." इतका साधा उपाय आमच्या घरात कोणाला पटणार?

"त्यानं काय होतंय?" ताई म्हणाली. "कशेळीच्या कमळाकाकूला बोलवते. पायाकडून जन्मलेली बाई. पायाळूचा पाय लागला की लचक उतरते."

"मग दवाखान्यात पायाळू नर्सच ठेवाव्यात."

"थट्टा पुरे! माझी पोरगी मंडपात काय रांगणाऱ्या मामाबरोबर येणार?"

अटी अशा: पालथं पडायचं, डोळे मिटायचे, तोंडातून शब्द काढायचा नाही. (शेवटची अट माझ्या बायकोने घुसडली असावी.)

भर दुपारी मला ओटीवर पालथं घालून सगळे आत गेले. शेजारच्या यंत्रमागाच्या कारखान्यात लूम खडखडत होते. एकाएकी वीज गेली आणि सगळे लूम थांबले. भिवंडीकराला खडखडाटात गाढ झोप लागते. शांततेत मात्र त्याच्या अंगावर काटा येतो.

त्या शांततेत माझ्यामागे कोणीतरी आलं. पावलं वाजली नाहीत. फक्त ओल्या मातीचा वास आला. मग घोट्यावर एक पाऊल टेकलं. गारेगार. लहान मुलाचं असावं इतकं हलकं. हळूहळू ते जड होत गेलं... आणि ठणका विझला! मी मनातल्या मनात काकूची माफी मागितली.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली.

"धामणकर नाक्याला निसता जाम!" काकूचा आवाज आला. "कुठं हाय गं तुझा भाऊ?"

"काकू," मी पालथ्यानेच विचारलं, "तुम्ही तिथे, तर हे कोण?"

काकू दारातच थबकली. (पायाळूला इतरांना न दिसणारं दिसतं, असं ताई म्हणते.)

"हलू नको रं," काकू हळूच म्हणाली. "तिनं पाय काढला न्हाय अजून."

मी उठलो तो थेट रस्त्यावर! दुखरा पाय हरणासारखा पळाला. चांगला पाय मात्र पायरीवर मुरगळला. काकू चहासुद्धा न घेता त्याच रिक्षाने परत गेली.

लग्नात मला खुर्चीसकट उचलून मंडपात नेलं. "मामा, हात घट्ट धर, पडशील," शेजारून चालणारी नवरी पुटपुटली. मामाने भाचीला आणायचं, तर भाचीने मामाला आणलं!

"या पायासाठी बोलवू का तिला?" ताईने कानात विचारलं.

"कुणाला?"

ताई अक्षता वाटायला निघून गेली.

अंधश्रद्धेविरुद्ध मी आजही तितक्याच तावातावाने बोलतो. फक्त बोलताना दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसतो.