मनकर्णाबाईंची गणपूर्ती

नगरला सावेडीत आमची चोवीस फ्लॅटची सोसायटी आहे. कार्यकारिणीत बायकांसाठी दोन जागा राखीव लागतात. एक जागा कशीबशी भरली, दुसरीला कोणीच तयार होईना. तेव्हा सचिव हनुमंतराव दुसऱ्या मजल्यावर मनकर्णाबाईंकडे गेले. म्हणाले, "मावशी, तुम्ही फक्त सही करायची."

मनकर्णाबाई खर्ड्याकडच्या. वीसेक वर्षं ऊसतोडीला गेल्या; नवरा वारल्यावर टोळीची मुकादमी त्यांनीच केली. मुलगा आदिनाथ शिक्षक झाला, त्यानं इथं फ्लॅट घेतला. बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात सवलत मिळते म्हणून तो आईच्या नावे झाला. म्हणजे सभासद त्याच.

बाईंना सही येत होती, वाचन जेमतेम. पण न वाचता सही करणं त्यांना पटेना. सून सुरेखा रोज भाजी निवडताना सोसायटीच्या उपविधींचं, म्हणजे नियमांचं, पुस्तक मोठ्यानं वाचू लागली. कार्यकारिणीतल्या माणसांनी प्रशिक्षण घ्यायचं असतं, हे त्यातूनच कळलं. बाई रिक्षा करून गेल्या आणि संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन आल्या.

"तुमचं कुठाय, भाऊ?" त्यांनी हनुमंतरावांना विचारलं.

"मी बँकेतून निवृत्त झालोय. मला कोण शिकवणार?"

गेल्या सप्टेंबरात पार्किंगमध्ये वार्षिक सभा भरली. हनुमंतराव सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. त्यांना गच्चीला जाळी लावून स्वतःची बाग करायची होती आणि तसा ठराव त्यांनी विषयपत्रिकेत शेवटी घातला होता. खुर्च्यांवर नजर फिरवून ते म्हणाले, "सतरा हजर. सोळा लागतात. गणपूर्ती झाली."

"न्हाई झाली," मनकर्णाबाई उठल्या. "आमच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. हितं जोड्या सहा हायेत."

त्यांनी एकेका जोडप्यासमोर उभं राहून बोट मोडलं. मी आणि आमची ही शेजारी बसलो होतो. "ह्यो एक," बाई म्हणाल्या. अडतीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं एक असल्याचं पहिल्यांदाच कोणी चारचौघांत जाहीर केलं. हिनं खुर्ची जरा लांब सरकवली.

आकडा आला अकरा. सुरेखानं लगेच पुस्तकातलं पान उघडून दाखवलं, एका फ्लॅटला एकच मत.

हनुमंतराव डगमगले नाहीत. "ठीक. सभा अर्धा तास तहकूब. त्यानंतर गणपूर्ती लागत नाही, नोटिशीत लिहिलंय." आणि त्यांनी चहा मागवला.

बाईंनी चहा घेतला नाही. पदर खोचून त्या जिन्यानं वर गेल्या. पहाटे तोडीला माणसं उठवणारा तो आवाज आमच्या इमारतीनं तोवर ऐकला नव्हता. "उठा! आंघोळी मागून करा! गच्ची चालली तुमची!" एक प्राध्यापक गालाला साबण तसाच घेऊन खाली आले. तिसऱ्या मजल्यावरच्या पूजाताई हातात लाटणं घेऊनच आल्या, त्यांना पाहून पुढचे दोघे आणखी भरभर उतरले.

अर्ध्या तासानं एकवीस फ्लॅटची माणसं खाली होती. ठराव मताला आला तेव्हा हनुमंतरावांनी हात वर केला, मागोमाग त्यांच्या पत्नीनं.

"जोडी हाय, एकच," बाई म्हणाल्या.

वीस विरुद्ध एक. हनुमंतरावांनी तिथंच राजीनामा लिहिला आणि लिफ्टची वाटही न पाहता जिना चढून गेले.

दुपारी बाई थालीपिठाचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेल्या. "रुसलेला गडी मी कधी मागं सोडला न्हाई," म्हणाल्या. "तुमच्यावाणी अक्षर कुणाचं हाय हितं? कागद फाडा. पन प्रशिक्षनाला जायचं."

हनुमंतरावांनी दोन दिवसांनी कागद फाडला. मग प्रशिक्षणाला गेले एकदाचे. परतल्यावर त्यांनी आम्हाला जिन्यात गाठून गाठून कायदा शिकवला. माझ्या हातातलं दूध दोनदा नासलं.

परवा बाईंनी सांगितलं, यंदाची वार्षिक सभा येत्या रविवारी घेऊ. हनुमंतराव ताडकन उठले. "मावशी, नियम म्हणजे नियम! चौदा पूर्ण दिवसांची नोटीस लागते!"

"व्हय की, बाबा," बाई म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून किती तरी वेळ हसत राहिल्या.