अंधारात लिहिलेली ओळ

मधूचा फोन दोनदाच वाजायचा. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचं स्वरयंत्र काढून टाकलं, तेव्हापासून आमचं तसं ठरलेलंच होतं. त्याने वरणगावहून दोन रिंग द्यायच्या आणि फोन ठेवायचा. म्हणजे मी आहे, बरा आहे. मग मी इकडून, धुळ्याहून, दोन रिंग द्यायच्या. झालं बोलणं. त्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. त्याच्या नंबरावरून फोन वाजला... एकदा, दोनदा, आणि मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदाही वाजला तेव्हा मी गालाला साबण तसाच ठेवून फोनकडे नुसता बघत उभा राहिलो. उचलायचा धीर होईना. शेवटी बायकोने उचलला. पलीकडे मधूचा मुलगा होता, आनंद. ती "हो... हो... निघतो," एवढंच म्हणाली आणि टॉवेल माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेली. याला आता सहा आठवडे होतील.

मधू, म्हणजे मधुकर, हा वरणगावच्या बँडचा गायक. बँड म्हणजे आपला लग्नाचा, वरातीपुढे चालणारा. आमच्या दोघांचे वडील तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होते आणि क्वार्टर समोरासमोर. आम्ही मूळचे धुळ्याकडचे, घरात बोलणं अहिराणी, 'आहे'ला 'शे' म्हणणारं. त्यामुळे मी तोंड उघडलं की मधू हसायचा. "काय रे तुमचं ते, शे आन् शे!" त्याने माझं नावच धुळ्या पाडलं आणि पुढे साठी उलटली तरी वरणगावात मला दुसरं नाव नव्हतं. आम्ही सोळा-सतरा वर्षांचे असताना कॉलनीतल्या एका साहेबाच्या मुलाने मधूला एक कॅसेट दिली. विलायतेतल्या एका बँडची होती ती. आमच्या डोक्यात बँड म्हणजे लाल कोट, सोनेरी बटणं आणि क्लॅरोनेट. आणि हे चारच जण एवढा दणका कसा काय करतात, आम्हाला कळेना. त्यांचा गायक एकदम वर चढायचा, अगदी बाईच्या पट्टीत, आणि तिथे मिनिटभर थांबून राहायचा. मधूला इंग्रजीचा गंध नव्हता. पण त्याने ती कॅसेट इतकी ऐकली, की शब्दांऐवजी नुसते आवाज जसेच्या तसे पाठ केले. अर्थ विचारला तर म्हणायचा, "अर्थ तुले पाहिजे, मले नाही."

त्याच्या जोरावर आम्ही बँड काढला. एक जुनी गिटार, एक हार्मोनियम, मी ड्रमवर आणि मधू पुढे. जयंतीच्या कार्यक्रमात स्टेजवर चढलो आणि दोन गाणी म्हटली. पहिल्या गाण्याला लोक अवाक झाले, दुसऱ्याला हसू लागले. मधूच्या वडिलांनी खालून हाताने खूण केली, उतर म्हणून. पण त्या गर्दीत गावातल्या लग्नाच्या बँडचे उस्ताद उभे होते. ते मागच्या बाजूला आले, मधूला म्हणाले, "बेटा, काय म्हणतो ते नाही समजलं, पण गळा लाव माझ्या गाडीला." त्याला कारण होतं. आमच्याकडे वरातीत बायका नाचायच्या तर बाईच्या आवाजातलं गाणं लागतं, आणि वरातीपुढे रात्र-रात्र गाणारी बाई कुठून आणायची? ज्याला दोन्ही आवाज काढता येतात तोच खरा बँडचा गायक. मधू पहिली ओळ पुरुषाची म्हणायचा, दुसरी बाईची, आणि लोक बँडच्या भोंग्यांच्या गाडीमागे जाऊन बघायचे, बाई कुठे बसलीय म्हणून! उस्तादांनी त्याला घेतलं, त्याच्यामागे मलाही घेतलं. साइड ड्रम माझ्या गळ्यात पडला.

आमची एक गंमत होती. गाणं सुरू करताना मी काड्यांनी बारीक, सलग रोल वाजवायचा आणि त्यावर मधूने उठायचं, म्हणजे गाणं उचलायचं. पण हा पठ्ठ्या कधी वेळेवर उठायचाच नाही. पाण्याचा घोट घेईल, नवरदेवाच्या घोड्याकडे बघेल, माइकवर फुंकर मारेल... आणि मी आपला वाजवतोय, मनगटं भरून आलीत, मागे ढोलवाला शिव्या देतोय. मग एकदम तो यायचा, आणि असा यायचा की सगळं माफ. पहूरच्या एका वरातीत तर त्याने नाचाच्या ऐन रंगात त्या विलायती गायकाची ती चढण घेतली. कुणाला काही कळलं नाही, पण म्हातारे-कोतारे धोतर सावरत नाचले. नंतर नवरीचा मामा येऊन विचारतो, "हे गाणं कुठल्या पिक्चरमधलं हो?" मधू म्हणाला, "अजून आला नाही."

त्याच बँडात मी एक रीत पाहिली. उस्ताद गेले तेव्हा त्यांचं क्लॅरोनेट पुसून ओट्यावर ठेवलेलं होतं. आमच्यात असं होतं, की बँडवाल्याने जिवंतपणी एकालाच सांगून ठेवायचं, माझ्या मागे तू वाजव. कुणाला सांगितलंय हे इतरांनी विचारायचं नाही, माहीत असलं तरी बोलायचं नाही. ज्याला सांगितलंय तो आपणहून उठतो, वाद्य घेतो आणि वाजवत अंत्ययात्रेच्या पुढे चालतो. तो उठला नाही तर दुसऱ्या कुणी वाद्याला हात लावायचा नाही. उस्तादांच्या वेळी ट्रम्पेटवाला म्हातारा उठला होता. रडत रडत वाजवलं त्याने, सूर सारखे फाटत होते.

पुढे मला धुळ्याला सरकारी कचेरीत नोकरी लागली. लग्नसराई ऐन भरात होती, तारखा बांधलेल्या होत्या आणि मी आठवड्याभरात ड्रम उतरवून ठेवला. साहेबांचा हुकूम, अमुक तारखेला हजर व्हा, हे खरंच. पण खरं सांगू? मला सुटायचंही होतं. लोकांच्या दारात लाल कोट घालून उभं राहायची लाज वाटू लागली होती. मधूने अडवलं नाही. एस.टी.पर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "जाय. नोकरी चांगली." त्या मोसमात त्यांनी ड्रमशिवाय सात लग्नं केली हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मैत्री राहिली, येणं-जाणं राहिलं, पण त्या विषयावर तीस-पस्तीस वर्षांत आम्ही बोललो नाही. मी विचारलं नाही, त्याने काढलं नाही. डीजे आले, बँड मोडला, वाद्यं वाटून घेतली, तेव्हा तो ड्रम मधूने घरी नेला. माझ्यानंतर कितीतरी जणांच्या गळ्यात पडलेला ड्रम तो.

आणि मग घशात गाठ निघाली. दोन-दोन आवाज असलेल्या माणसाचा एकही राहिला नाही. गळ्याला भोक आणि त्यावर पांढरा रुमाल. शंभर पानी वही आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल घेऊन तो हिंडायचा. वहीत त्याचीच वाक्यं, कारण आपण तोंडाने बोलणार. 'साखर कमी.' 'तू म्हातारा दिसाले लागला.' 'आनंदले सांगू नको.' मागल्या हिवाळ्यात त्याच्या मुलाचा मेसेज आला: बाबा म्हणतात, जळगावला त्यांच्या त्या बँडवरचा पिक्चर लागलाय, सकाळचा एकच खेळ आहे, तुम्ही येताच. 'येता का' नाही, 'येताच'.

गेलो. थिएटरमध्ये सगळे मिळून आठ-दहा लोक. इंग्रजी आम्हा दोघांना सारखंच, पण कळायला काय लागतं? पोरं एका गॅरेजमध्ये वाजवतात, घरचे ओरडतात, नाव होतं, भांडणं होतात. सुरुवातीलाच त्यांचा ड्रमवाला नोकरी धरून निघून जातो. मधूने मला कोपर मारलं, माझ्याकडे बोट दाखवलं, आणि आवाजाशिवाय इतका हसला की रुमाल हलत होता. मीही हसलो, पण आत कुठेतरी लागलं. शेवटी तो गायक भरल्या मैदानात उभा राहतो आणि ती चढण घेतो... आमची चढण. मधूचा हात गळ्यावर गेला. डोळ्यांतून धार लागली होती. मग त्याने वही काढली आणि तशा अंधारात काहीतरी लिहून माझ्यापुढे धरली. मला काही दिसेना. मोबाइलचा उजेड करावा तर मागच्या माणसाने मघाशीच झापलेलं. मी मान हलवली, म्हणालो, "हो, हो." तो माझ्याकडे बघतच राहिला. विचारल्यासारखं परत वहीवर बोट ठेवलं. मी परत म्हणालो, "हो रे बाबा, हो!" त्याने वही मिटली आणि माझ्या हातावर दोनदा थोपटलं.

बाहेर चहाला बसलो तेव्हा काय लिहिलं होतंस म्हणून विचारणार होतो. पण तो इतका खुशीत होता, की म्हटलं, असेल काहीतरी, गाणं भारी आहे वगैरे. त्यानेच नवीन पानावर लिहिलं, 'पिक्चर चांगला. पन त्या ड्रमवाल्याले पुन्हा दाखवलंच नाही.' मी म्हणालो, "गेला तो गेला. त्याला कशाला दाखवतील?" त्यावर त्याने लिहिलं, 'दाखवाले पाहिजे होतं.' आणि त्याखाली एक रेघ ओढली. तीच आमची शेवटची भेट.

तो गेला त्या दिवशी मी वरणगावला पोहोचलो तेव्हा अंगण भरलेलं होतं. ओट्यावर ड्रम ठेवला होता. नवं कातडं, दोऱ्या ताणलेल्या, वर दोन काड्या. बघताक्षणीच मला उमजलं, रीत पाळायचीय. गाणाऱ्याचं वाद्य म्हणजे गळा, तो तर राहिला नव्हता, म्हणून घरात होता तो ड्रम ठेवलाय. मधूने कुणालातरी सांगितलं असणार. मी वाट बघत बसलो, आता कोण उठतो म्हणून. त्रिशरण-पंचशील झालं. कुणी उठलं नाही. खांदेकरी उभे राहिले तरी कुणी उठलं नाही. मला संताप आला हो! कोण हा नालायक माणूस, मनात म्हटलं, मधूने ज्याच्यावर भरवसा टाकला आणि जो आज इथे दगडासारखा बसलाय? शेजारी आमचा जुना क्लॅरोनेटवाला भगवान होता, तो सारखा माझ्याकडेच बघत होता. मी त्याला म्हणालोसुद्धा, "काय रे, कोणीच उठत नाही?" त्याने नजर खाली घातली. "आपन काय बोलाव भाऊ," म्हणाला. कोपऱ्यावर लोक क्षणभर थांबले, वळून ओट्याकडे पाहिलं, आणि मधूची यात्रा मुक्यानेच निघाली. परतताना मी धुळ्याच्या गाडीची वेळ बघत होतो, हेही सांगून टाकतो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, मधूच्या नावाने वंदना झाल्यावर, सुमनवहिनींनी, मधूच्या बायकोने, त्याच्या तीन वह्या मला दिल्या. कितीतरी दिवस उघडवल्या नाहीत. गेल्या आठवड्यात दुपारी चष्मा लावून बसलो. त्याच्या एकेका वाक्याला माझी उत्तरं आठवत होतो, काही मोठ्याने म्हणतही होतो. पिक्चरचं पान लगेच ओळखू आलं. ओळ तिरपी, अक्षरं एकमेकांवर चढलेली. 'मी गेल्यावर ड्रम तू वाजवजो. दुसऱ्या कोनाले सांगत नाही. वाजवशीन ना?' पुढच्या पानावर ड्रमवाल्याचं ते, रेघ ओढलेलं. आणि त्याच्या पुढच्या पानावर, घरी जाऊन बायकोला दाखवलेलं असणार, ठळक अक्षरात: 'धुळ्या हो म्हनला. दोनदा.'

एवढ्या वर्षांनी त्याने मला परत बोलावलं होतं. मध्येच ड्रम टाकून गेलेल्या माणसालाच. आणि मी न वाचता हो म्हणालो, आणि मधू अंगणात माझी वाट बघून गेला. मी खूप रडलो. बायको घाबरली.

दुसऱ्या दिवशी वरणगावला गेलो. वही वहिनींपुढे धरली आणि खरं ते सांगितलं, अंधार होता, दिसलं नव्हतं. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मी म्हणालो, "वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं, मग त्या दिवशी एक शब्द का नाही बोललात?" त्या म्हणाल्या, "सांगाचं नसते ना भाऊ. मले वाटलं, तुम्हाले लाज वाटली." मग पदराने डोळे पुसून आत गेल्या आणि ड्रम घेऊन आल्या. काड्या अजून त्याच्यावर तशाच होत्या.

भर दुपार होती. ओट्यावर उभा राहून मी पट्टा गळ्यात घातला. समोरच्या घरातली माणसं दारात आली. बोटं वळेनात, पण हळूहळू मनगटांना आठवलं आणि तो बारीक, सलग रोल सुरू झाला. आता इथे मधूने उठायचं... तो काही वेळेवर येणारा नव्हे, कधीच नव्हता. मी वाजवतोय. घाम डोळ्यांत उतरला, मनगटं भरून आली. वहिनी जवळ आल्या. "बस करा भाऊ, हात दुखतीन," म्हणाल्या. थोड्या वेळाने परत म्हणाल्या. मी मान हलवली, हो, हो म्हणालो, आणि वाजवत राहिलो.