सतरा किलोंचे अण्णा, साडेचार किलोंचा प्रकाश

आमच्या चौघांचे किस्से मी मुद्दाम जमवलेले नाहीत. भालकीत माझं मेडिकल स्टोअर आहे. दुकानात एक्स्पायरी झालेला माल कोपऱ्यात साठत जातो, कंपनी परत घेत नाही आणि फेकायला हात धजत नाही. तसेच हे साठलेत! त्यातले बरेचसे हसण्याचे आहेत. पण हल्ली सांगताना मला स्वतःला हसू कमी येतं, हे आधीच सांगून ठेवतो.

चौघं म्हणजे एक मी, शरद. दुसरे वैजनाथअण्णा. इथल्याच मेहकरचे शेतकरी, वय बासष्ट, उभा जन्म पोती उचलण्यात गेलेला. तिसऱ्या सुनंदाअक्का. चिटगुप्प्याला कन्नड शाळेत शिकवतात आणि भांडतात मात्र मराठीत. चौथा प्रकाश. हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याचे वडील अण्णांचे जिवलग मित्र होते. ते गेल्यापासून प्रकाश एक दिवसाआड अण्णांना फोन करतो आणि भांडतो.

महिन्या-दोन महिन्यांनी पाठीला सॅक लावायची आणि दोन दिवस शेताशेतानं, माळामाळानं चालून यायचं, हा आमचा नाद. भांडणाचा विषय ठरलेला. सॅक किती वजनाची असावी?

प्रकाश अल्ट्रालाईटवाला. "जे न्हाई नेलं तरी माणूस मरत न्हाई, ते न्यायचं न्हाई!" हे त्याचं म्हणणं. अण्णा उलटे. "मरायचं कामून बोलायलास? जगायला काय लागतंय ते घे की!"

*

एकदा प्रकाशनं हैदराबादहून हुकाचा डिजिटल काटा आणला. सगळ्यांच्या सॅका अडकवून पाहिल्या. त्याची साडेचार किलो. अण्णांची सतरा!

प्रकाशनं अण्णांची सॅक तिथंच अंगणात उपसली. घोंगडी, पितळी तांब्या, विळा, नारळाच्या दोरीचं वेटोळं, आणि सगळ्यात खाली तीन लिटरचा प्रेशर कुकर.

"अण्णा, कुकर? माळावर?"

"शिट्टी झाल्याबिगर डाळ शिजली असं वाटतच न्हाई बघ मला."

प्रकाशनं स्वतःची सोय दाखवली. प्लास्टिकच्या बरणीत सकाळी ओट्स भिजत घालायचे, संध्याकाळी थंडच खायचे. स्टोव्ह नको, भांडं नको, वजन नाही. अण्णा त्या बरणीकडं बराच वेळ बघत राहिले. "आमच्या म्हशीला असंच भिजवून घालताव," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी नदीकाठी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. बरणी कुणी उघडलीसुद्धा नाही. प्रकाशनं तिसऱ्यांदा डाळ वाढून घेतली तेव्हा अक्का म्हणाल्या, "खाल्लेलं वजन धरत न्हाईत व्हय रे तुमच्या अल्ट्रालाईटमधी?"

*

हा किस्सा माझ्या धंद्याचा आहे, म्हणून मला जास्त लागला.

मी ट्रेकला औषधांचा डबा नेतो. ताप, जुलाब, बद्धकोष्ठ, ॲसिडिटी, सगळं. मला सगळीकडं आजारच दिसतात, असं अक्का म्हणतात, आणि ते खरं आहे. एका खेपेला तो डबा प्रकाशकडं दिला. पठ्ठ्यानं काय करावं? सगळ्या गोळ्या पाकिटांतून सोडवल्या आणि एका पिशवीत भरल्या! पाकिटांचं वजन वाचलं म्हणे. मोजून सांगितलं मला, चाळीस ग्रॅम!

दुसऱ्या दिवशी त्यालाच जुलाब सुरू झाले. पिशवी उघडली. पांढऱ्या गोळ्या, सगळ्या गोल, सगळ्या सारख्या.

"शरदमामा, ह्यातली कोणती?"

"सांगतो, पण मी सांगायच्या आधी खाऊ नको," असं म्हणत मी चष्मा शोधत होतो. तेवढ्यात त्यानं एक टाकलीसुद्धा. ती बद्धकोष्ठाची होती!

त्या दिवशी आम्ही साडेतीन किलोमीटर चाललो आणि चौदा वेळा थांबलो. अण्णांनी तांब्या त्याच्या स्वाधीन केला. परत देताना प्रकाशचं तोंड एवढंसं झालं होतं.

"राहू दे तुझ्यापाशीच," अण्णा म्हणाले. "आता झालास बघ तू खरा अल्ट्रालाईट!"

*

प्रकाशचा एक पुण्याचा मित्र एकदा आमच्याबरोबर आला. तोही त्याच पंथातला. एवढीशी सॅक, टूथपेस्टसुद्धा थेंब थेंब वाळवून आणलेली. आमच्याकडं कन्नड आणि मराठी एकाच बांधावर राहतात, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक?

चालून थकलो म्हणून एका शेतकऱ्यानं आम्हाला बैलगाडीत घेतलं. माणूस कन्नड बोलणारा. कन्नडमध्ये हलक्या वजनाला 'हगुर' म्हणतात. त्यानं आमच्या सॅका वर घेतल्या, या पाहुण्याची एका बोटावर उचलली, आणि डोळे मोठे करून त्यालाच विचारलं, "इष्टु हगुर?"

म्हणजे, एवढी हलकी?

पाहुणा कानापर्यंत लाल झाला. हात जोडून म्हणाला, "नाही हो काका, माझं सकाळीच झालं!"

अक्का गाडीचं चाक धरून खाली बसल्या. त्यांना कन्नड आणि मराठी दोन्ही येत असल्यामुळं दोन्हीकडून हसू येत होतं. शेतकऱ्याला काहीच कळेना. अण्णांनी त्याला कन्नडमध्ये समजावून सांगितलं तेव्हा तो एवढा हसला की बैल बिचकले.

*

इथपर्यंतचे किस्से मी कुठंही सांगतो. पुढचे सांगत नाही. आज सांगतोय.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी अण्णा दुकानात आले. गिऱ्हाईक नाही असं बघून आले, हे माझ्या नंतर लक्षात आलं. खिशातून चिठ्ठी काढून काउंटरवर ठेवली.

"मेव्हण्याची हाय."

मी चिठ्ठी पाहिली. वरची नावाची जागा नीट फाडलेली होती. वय मात्र राहून गेलं होतं. बासष्ट. त्या गोळ्या कशासाठी देतात ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. हृदय थकलं की देतात. खाली डॉक्टरनं दोन ओळी जादा लिहिल्या होत्या. जड उचलायचं नाही. चढावर थांबत थांबत जायचं.

"मेव्हण्याचं वय बी बासष्टच का, अण्णा?"

"व्हय. एकाच सालचे आमी."

मी गोळ्या काढल्या. सकाळची कोणती, रात्रीची कोणती, पाकिटांवर लिहून दिलं. शेवटी न राहवून म्हणालो, "मेव्हण्याला सांगा, आता डोंगर-टेकड्या बास करा."

"सांगतो की. पर त्यो ऐकणारा न्हाई."

मला हसू आलं नाही. अण्णांनाही आलं नाही. पिशवी खिशात घालून ते दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"शरद, मेव्हण्याला मरायचं भ्या न्हाई. चार लोक त्याला घरी बसवतील, ह्याचंच भ्या हाय त्याला. त्येच्या घरी कळलं तर खाट टाकून देतील अंगणात. मग त्यो खरंच मरंल. तू कुणापाशी बोलू नकोस."

त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. बोललो तर माणूस घरी बसणार आणि नाही बोललो तर एखाद्या चढावर बसणार, तोही कायमचा. तीस वर्षं मी लोकांना औषध देतोय, पण याच्यावर माझ्याकडं काही नव्हतं. मी गप्प राहिलो. चूक केली की बरोबर, अजून ठरवता येत नाही.

*

पुढच्या ट्रेकला अण्णा आले ते पाठीला एक लहानशी पिशवी लावून. आत पाण्याची बाटली, टॉवेल आणि भाकरी.

प्रकाशनं काटा अडकवला. अडीच किलो!

त्यानं अक्षरशः उडी मारली. "अण्णा! माझ्यापेक्षा कमी! पटलं ना शेवटी?"

"पटलं बाबा," अण्णा म्हणाले. "उगंच वझं वाहिलं जन्मभर."

प्रकाशनं फोटो काढला, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली टाळ्यांची रांग लावली. अक्का म्हणाल्या, "जिंकलास की रे!" मी बुटाची नाडी बांधत राहिलो. सुटलेली नव्हती, तरी बांधत राहिलो.

त्या दिवशी अण्णांना पक्ष्यांचा नाद लागला. शंभर पावलं झाली की थांबायचं आणि झाडाकडं बोट करायचं. "ह्यो कोणता पक्षी, अक्का?" अक्का सांगायच्या. आणखी शंभर पावलं, आणखी एक पक्षी. चढावर तर पन्नास पावलांना एक. जन्मभर या माणसानं पाखरं फक्त ज्वारीवरून हाकलली होती!

एकदा त्यांनी बोट केलं त्या झाडावर काहीच नव्हतं. पानंसुद्धा नव्हती.

"कुठं हाय?" प्रकाशनं विचारलं.

"उडालं की आत्ताच," अण्णा म्हणाले. ओठ पांढरे पडले होते त्यांचे.

थोड्या वेळानं प्रकाश मागं माझ्याजवळ आला. "शरदमामा, अण्णा कधीपासून पक्षी बघायलेत?"

"वय झालं की आवडी बदलतात."

तो माझ्याकडं बघत राहिला. मला खोटं बोलता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बाहेरही कळत असावं. संध्याकाळी त्यानं आपली बरणी उघडली, सगळ्यांना थंड ओट्स वाढले, आणि सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ले. अण्णांनी तर "बरं लागायलंय" असंही म्हटलं. इतकं वाईट जेवण मी आयुष्यात जेवलो नाही.

*

त्यानंतरचा आमचा ट्रेक मंठाळकडचा. सकाळी टेकडी चढायची, वर भाकऱ्या खायच्या आणि दुपारी उतरायचं.

प्रकाश गाडीतून उतरला आणि आम्ही बघतच राहिलो. पाठीवर जाड कॅनव्हासची, डोक्याच्याही वर गेलेली, फुगून टम्म झालेली सॅक. काटाबिटा काही आणला नव्हता.

"हे काय रे?" अक्का ओरडल्या.

"अण्णांचंच बरोबर होतं, अक्का. हलक्यात मजा न्हाई."

अण्णांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "मी म्हणत न्हवतो? म्हणत न्हवतो मी?" पायथ्यापर्यंत त्यांनी प्रकाशला वजन पाठीवर कसं बसवावं, पट्टा कुठं आवळावा, पाय कसा टाकावा, सगळं शिकवलं. प्रकाश मान हलवत होता.

चढ सुरू झाला आणि पन्नास पावलांत प्रकाश खाली बसला. "थांबा हो अण्णा, दम लागला."

हाच पोरगा मागच्या वर्षी ही टेकडी पळत चढला होता! अण्णा त्याच्या शेजारी दगडावर टेकले. "बस, बस. घाई न्हाई. आजकालच्या पोरात दमच न्हाई बघ." चांगली पाच मिनिटं बसलो. उठलो, आणखी पन्नास पावलं झाली, आणि प्रकाश परत बसला. पुन्हा "दम लागला". पुन्हा अण्णा शेजारी. त्या दिवशी कुणी पक्षी बघितला नाही. वर पोचेपर्यंत प्रकाश पंचवीस-तीस वेळा तरी बसला असेल, आणि दर वेळी अण्णा त्याला हसून हसून चिडवत होते. त्यांच्या ओठांवर रंग होता.

माथ्यावर अण्णा अक्कांबरोबर पुढं सावलीकडं गेले. प्रकाशनं सॅक उतरवून ठेवली आणि बूट काढत बसला. पोरगं एवढं वाहून दमलंय, निदान सावलीपर्यंत तरी आपण नेऊ, म्हणून मी ती उचलायला वाकलो. दोन्ही हात लावून जोर दिला, आणि मागच्या मागं पडता पडता वाचलो.

सॅक करंगळीवर यावी अशी होती! उघड्या चेनमधून उशीचा फुलाफुलांचा अभ्रा दिसत होता. तिच्या खाली आणखी एक उशी.

मी प्रकाशकडं बघितलं. त्यानं पुढं चाललेल्या अण्णांकडं बघितलं, आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "ठेवा मामा खाली, कंबर जाईल. लई जड हाय."