अंधारातलं वाळवण

जगात कुठलीही वस्तू आपोआप बिघडत नाही, ती कुणीतरी बिघडवतं, असं ठामपणे मानणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. ते म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. दूध नासलं तर ते दुधाला बोल लावत नाहीत. फ्रिजच्या दारातल्या फळीवर ते कुणी ठेवलं, एवढंच विचारतात. सगळी हयात त्यांनी औषधांच्या एका कंपनीत काढली आणि तिथं त्यांचं काम एकच. गोळ्या आणि सिरपं कमीजास्त उष्णतेत, कमीजास्त दमटपणात महिनोन् महिने ठेवायची, आणि ती कुठल्या महिन्यात कामातून जातात ते बघत बसायचं. औषधाच्या बाटलीवर जी शेवटची तारीख असते, ती ठरवायला एक जिवंत माणूस पगार देऊन ठेवलेला असतो, हे मला मुलीच्या लग्नापर्यंत ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, ती छापखान्यातच ठरते.

त्या लग्नात आम्ही पुण्याहून बेसनाचे लाडू नेले होते. व्याह्यांनी सगळ्यांदेखत डब्यावर पांढरी पट्टी चिकटवली, खिशातलं पेन काढलं आणि तारीख लिहिली. मी मुलीची आई, अवघी छपन्न वर्षांची, अगदीच अजाण. अपमान झाला म्हणून साड्या बदलायच्या खोलीत जाऊन रडले. मागोमाग माझी विहीण आली. पदरानं माझे डोळे पुसत म्हणाली, "ताई, रडू नका. आमच्या लग्नात माझ्या आईच्या अनारशांवरसुद्धा पट्टी लावली होती. आणि तारीख उलटल्यावर उरलेले सगळे ह्यांनीच संपवले." त्या दिवसापासून मी व्याह्यांना थोडी घाबरून राहिले आणि विहिणीच्या मात्र कायमची प्रेमात पडले.

रिटायर झाल्यावर दोघं अमेरिकेत ॲन आर्बरला आले, मुलाच्या, म्हणजे माझ्या जावयाच्या, घरापासून बसनं दोन स्टॉपवर. मी त्याच घरात, लेकीच्या बेसमेंटमध्ये राहत होते, त्यामुळे आमचं येणं-जाणं रोजचं झालं. व्याही कुणाकडे जेवायला गेले की हात धुवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात शिरत आणि यजमानांचे मसाले हुंगत. एकदा एका बाईंचा गोडा मसाला त्यांनी न विचारता कचऱ्यात टाकला आणि वर म्हणाले, "माझे उपकार मानायची गरज नाही." विहीण बाहेर येऊन त्या बाईंची माफी मागायची आणि दुसऱ्या दिवशी स्वतः केलेला मसाला नेऊन द्यायची. तिचं निम्मं आयुष्य ह्यांच्या मागून माफी मागत जाण्यात गेलं, आणि तेही तिनं इतक्या हसतमुखानं केलं, की लोकांना वाटे, ह्यांचा चक्रमपणा हा हिचाच काहीतरी छंद असावा.

मग तिला कॅन्सर झाला. केमो सुरू झाली आणि अन्न सुटलं. वरणाला फोडणी दिली तरी ती तोंड फिरवायची. तिच्या डॉक्टरीणबाईंनीच सुचवलं, की काहींची मळमळ गांजानं कमी होते, आपल्या राज्यात चालतं, बघा करून. हे ऐकून सगळ्यात जास्त बोंब कुणी मारली असेल, तर ती मी. गांजा म्हणजे माझ्या डोळ्यांपुढं देवळामागं चिलीम ओढत बसलेला जटावाला बुवा. मी लेकीला बजावलं, "आपल्या घरात हे चालायचं नाही." ती म्हणाली, "आई, इट्स लीगल. आणि घर त्यांचं आहे." नात म्हणाली, "आजी, यू आर बीइंग ड्रमॅटिक." मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. विहीण तिकडे उपाशी होती आणि मी इकडे अब्रू सांभाळत बसले होते.

व्याही गांजाच्या दुकानात गेले. तिथल्या पोराला त्यांनी विचारलं, हे कापलं कधी, वाळवलं किती दिवस, ठेवलं कुठं. तो म्हणाला, "डूड, इट्स फ्रेश." घरी येऊन व्याही म्हणाले, "फ्रेश! ही काय कोथिंबीर आहे?" तरी नाइलाजानं तिथली एक गोळी त्यांनी अर्धी करून विहिणीला दिली. ती बिचारी सहा तास छताकडे बघत होती. "अहो, हा पंखा मला काहीतरी सांगतोय आणि माझं मेलीचं लक्षच नाही," म्हणून रडत होती. मग व्याह्यांनी सौम्य जातीचं बी मिळवलं आणि मागच्या अंगणात, उंच कुंपणाच्या आड, दोडक्याच्या वेलाशेजारी चार झाडं लावली.

झाडं लावणं हा म्हणे त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरं काम कापल्यानंतरचं. फांद्या उलट्या टांगून अंधाऱ्या खोलीत दहा-बारा दिवस सावकाश सुकवायच्या. बारीक काडी वाकायची थांबून कट्‌कन मोडायला लागली, की फुलं काचेच्या बरण्यांत भरायची. तीही पाऊण बरणीच, वर हवेला जागा ठेवून. मग पहिला आठवडा रोज दोनदा झाकण उघडून आतला दमटपणा बाहेर सोडायचा, पुढे रोज एकदा, आणि महिनाभरानं आठवड्यातून एकदा. प्रत्येक बरणीत दमटपणा मोजायचं छोटं घड्याळ. व्याही सकाळी आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून पूजेला बसावं तसे बरण्यांपुढे बसत. झाकण उघडत, नाक घालत, डोळे मिटत. "पहिल्यांदा गवताचा वास येतो," ते मला समजावत. "तो जाऊ द्यायचा. चार आठवडे कळ काढली नाही, तर सगळी मेहनत फुकट. आणि नीट भरून अंधारात ठेवलं, तर दोन वर्षं काही होत नाही." डॉक्टरीणबाईंनी विहिणीबद्दल जे सांगितलं होतं, त्यात दोन वर्षं हा शब्द कुठंच नव्हता. ते त्यांनाही ठाऊक होतं. तरी ते दोन वर्षांच्या बेतानंच भरत होते.

त्या दिवसांत हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी नाक मुरडून विचारलं, "कसला हो हा वास?" मी पटकन इथल्या त्या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याचं नाव घेतलं, "स्कंक असेल. हल्ली फार झालेत." विहीण हसून हसून दमली. मग म्हणाली, "ताई, तुमच्यामुळे उद्या त्या प्राणी पकडणाऱ्याला घेऊन येतील." आणि त्या पहिल्या पिकाचं तूप करून थेंबभर भातावर घातल्यावर ती खरंच जेवायला लागली. वाटीभर वरणभात, लिंबू पिळून. आम्ही सगळे टेबलाभोवती बसून तिचा घास पोटात राहतो का ते बघत असू, आणि ती म्हणायची, "असं टक लावून बघू नका, दृष्ट लागेल."

ते पीक दुसऱ्या वर्षीच्या थंडीपर्यंत कसंबसं पुरणार होतं. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात व्याह्यांनी सहा झाडं लावली. सप्टेंबरात कापली, वरच्या खोलीतल्या कपाटात टांगली, आणि दुसऱ्याच दिवशी विहिणीला एकाएकी ताप भरून हॉस्पिटलात न्यावं लागलं. घाईत घराची किल्ली माझ्याकडे दिली. कपाटाबद्दल सांगायचं राहून गेलं.

मी विहिणीचा गाऊन शोधायला वर गेले आणि कपाट उघडलं. आत काळोख, ओलसर फांद्या वटवाघळांसारख्या उलट्या लटकलेल्या. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांची. त्या वयात माणसाला सगळं कळत असतं. मी म्हटलं, शेवटी पुरुषमाणूस! वाळवण कधी अंधारात होतं? बुरशी धरेल. जन्मभर कुरडया, सांडगे, मेथी, सगळं मी उन्हात खडखडीत वाळवलं होतं. डेकवर जुनी सुती साडी अंथरली, फुलं खुडून पसरली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि खारी येऊ नयेत म्हणून झाडू घेऊन तीन दिवस राखण करत बसले. ऊनही असं पडलं होतं, की काय सांगू. तिसऱ्या दिवशी सगळं पिवळं, कुरकुरीत झालं. हातात घेतलं की चुरा. वास कसलाच नाही, पेंढ्यासारखा. मी इतकी खूश झाले, की भरून ठेवायला त्यांच्याच बरण्या घासून ठेवल्या.

चौथ्या दिवशी दुपारी ते घरी आले. विहीण चाकाच्या खुर्चीत होती. व्याही डेकच्या दारात थबकले. त्यांनी चिमूटभर उचलून बोटांनी चुरडलं, नाकाशी नेलं. पुन्हा चुरडलं, पुन्हा नेलं. आता प्रश्न येणार, कुणी केलं हे? तेवढ्यात विहीण खुर्चीतून उठली. दाराची चौकट धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मीच फोन करून सांगितलं ताईंना. म्हटलं, ऊन बरं पडलंय, घाला बाहेर."

व्याह्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि आत गेले.

आणि मी? गाऊन कुठं ठेवलाय तेवढं सांगितलं आणि घरी आले.

नोव्हेंबरच्या अखेरीला जुनी बरणी संपली. उन्हातलं तर कामातून गेलंच होतं. व्याह्यांनी त्यांच्या बेसमेंटमध्ये दिवे लावून नवी रोपं धरली होती, पण झाड कुणासाठी घाई करत नाही. दुकानातलं पुन्हा एकदा आणून पाहिलं. ह्या खेपेला पंखा बोलला नाही, पण तिची छाती धडधडायला लागली. डिसेंबर असाच गेला. बाहेर बर्फ, आत ती बशीतली पेज चमच्यानं नुसती ढवळत बसलेली. मी रोज जायची, तिचे पाय चेपायची आणि रोज ठरवायची, की आज व्याह्यांना सांगून टाकू. एकदा तसं तिच्यापाशी बोलले, तर ती म्हणाली, "काही नको. त्यांना माझा राग येत नाही, तुमचा आला असता. आता मला भांडणं मिटवायला कुठं जमतंय?"

जानेवारीत पीक आलं. टांगलं, सुकलं, बरण्यांत गेलं. बरण्यांचा नववा दिवस असेल. दुपारी ती एकदम म्हणाली, "आज वरणभात खावासा वाटतोय. पण राहील का पोटात?" व्याही बरणी घेऊन आले. झाकण उघडून हुंगलं. "अजून कच्चं आहे गं. तीन आठवडे तरी हवेत."

"मग राहू द्या," ती म्हणाली. अगदी साधं म्हणाली. टोमणा नाही, काही नाही.

व्याह्यांनी झाकण बाजूला ठेवलं. मग त्यांनी जाऊन फुलं शेकायला ओव्हन लावला. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात मुदतीच्या एक दिवस आधी काही वापरायला काढलं नव्हतं, त्यानं त्या दुपारी तूप केलं आणि स्वतः भात कालवला. तिनं सात घास खाल्ले. मी मोजले. चौथ्या घासाला म्हणाली, "गवताचा वास येतोय हो." व्याही म्हणाले, "येणारच. घाई केली." आणि ती हसली. बारा दिवसांनी ती गेली. बरण्यांना अजून आठवडाभर हवा होता.

तेराव्याला मुलगा म्हणाला, "बाबा, आता हे सगळं टाकून देऊ या." ती मंडळी गेल्यावर व्याह्यांनी उठून बरण्यांची झाकणं उघडली, थोडा वेळ ठेवली आणि लावली. पुढे ठरल्याप्रमाणे आठवड्यातून एकदा. मग काठोकाठ भरून, घट्ट बंद करून बेसमेंटच्या थंड कोपऱ्यात. आता कंपनीतल्यासारखी दर काही महिन्यांनी एक बरणी तपासायला काढतात. स्वतः त्यातलं कणभर घेत नाहीत. मी विचारलं, "हे कुणासाठी?" तर म्हणाले, "कुणाला लागलं तर." आणि लागलंही. त्या स्कंकवाल्या बाईंच्या यजमानांना केमो सुरू झाली, तेव्हा त्या मान खाली घालून आल्या. व्याह्यांनी एक बरणी आणि सूचनांचे दोन कागद दिले. दारापर्यंत सोडायला गेले आणि म्हणाले, "उन्हात मात्र ठेवू नका." मी स्वयंपाकघरात होते. ते वाक्य मला लागलं.

त्या रविवारी मात्र माझ्यानं राहवलं नाही. ते बरणी तपासत होते. मी म्हणाले, "व्याहीबुवा, त्या वेळी ते उन्हात मीच घातलं होतं. माझ्याच अकलेनं. विहीणबाईंनी मला फोन केलाच नव्हता."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "चारही दिवस तिचा फोन माझ्या खिशात होता."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत? तुम्ही तर दुधासाठीसुद्धा घर डोक्यावर घेता."

त्यांनी घड्याळ बरणीत सरळ केलं. "ती खुर्चीतून उठली, विहीणबाई. चार दिवस उठली नव्हती. मी वाद घातला असता, तर तिला आणखी उभं राहावं लागलं असतं."

मी रडायला लागले. आता मी एकोणसत्तरची, पण अक्कल तेवढीच. म्हणाले, "आता तरी रागवा. तेवढंच बरं वाटेल मला."

ते खरोखरच विचारात पडले. रागवायचं कसं, हे आठवून बघत असावेत. मग नुसतीच मान हलवली आणि उघडी बरणी माझ्यापुढं धरली. "वास घ्या," म्हणाले. "बघा, गवत गेलंय का."

रडून रडून माझं नाक चोंदलं होतं, कसलाच वास येईना. तसं त्यांना सांगितलं. ते "सावकाश" म्हणाले, आणि बरणी तशीच धरून माझ्यासमोर बसून राहिले.